सर्वानुमते पहिला बाक

टिकली टेबलाखाली जाऊन नेमकं करते काय, या प्रश्नाने भाऊसाहेबांना पछाडलं, त्याला कारण शाळेतून आलेला निरोप. चौथीच्या वर्गात तास संपल्याची घंटा झाली की त्यांची मुलगी कधीमधी दोन्ही कानांवर हात ठेवते, टेबलाखाली शिरते आणि बराच वेळ बाहेर येत नाही, असं वर्गशिक्षिकांचं म्हणणं होतं. रडत नाही, भांडत नाही, कोणाला चिमटे काढत नाही. नुसती बसून राहते. एकदा बाईंनी खाली वाकून तिला सातचा पाढा विचारला, तर तिने तो तिथूनच न चुकता म्हणून दाखवला. मग आता हिला रागवायचं तरी कशाबद्दल, हे बाईंनाच कळेना.

भाऊसाहेबांनी घरी चौकशी सुरू केली.

"तू टेबलाखाली काय करतेस गं?"

"बसते."

"ते कळलं. बसून काय करतेस?"

"बघते."

"काय बघतेस?"

एवढ्या मोठ्या माणसाला हेही सांगावं लागतं का, अशा नजरेने टिकलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा आपल्या चित्राकडे वळली. भाऊसाहेबांनी मनातल्या मनात शेरा मारला: विद्यार्थिनी सहकार्य करते, मात्र उत्तरे त्रोटक देते.

शेरा मारणं हा त्यांचा नुसता स्वभाव नव्हता, पेशा होता. शहराच्या बससेवेत ते वेळापत्रक विभागाचे प्रमुख होते. कुठली बस कुठून किती वाजता सुटावी हे त्या विभागात ठरे, आणि ठरण्याची पद्धत अशी की एकाने मसुदा करायचा, तो टेबलाटेबलावर फिरवायचा आणि प्रत्येकाने त्यावर काहीतरी लिहायचं. ज्याला काही सुचत नसे तो 'पाहिले' असं लिही, पण त्याच्याबद्दल फारसं चांगलं मत होत नसे. नवा मार्ग सुरू करण्याआधी रिकामी बस फिरवून चाचणी घेत. चाचणीला प्रवासी घ्यायचे नाहीत असा दंडक होता, कारण प्रवासी चढू-उतरू लागले की वेळ चुकते. विभागातली सगळी मंडळी कामावर स्कूटरने येत.

तर अशा माणसाच्या हातात शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, 'वैयक्तिक सहाय्य आराखडा' हे शब्द ठेवले. एखाद्या मुलाला इतरांपेक्षा वेगळी काही मदत लागत असेल, तर त्याला काय अवघड जातं, कोणी काय करायचं आणि त्याचा उपयोग होतो की नाही हे कधी तपासायचं, एवढं त्यात लिहायचं असतं. शाळेच्या विशेष शिक्षिकाही त्या वेळी तिथे बसल्या होत्या. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा असल्यामुळे त्या सतत कुठून तरी कुठे तरी निघालेल्या असत, म्हणून मुलं त्यांना फिरत्या बाई म्हणत.

"पानभर पुरे होतं," फिरत्या बाई पर्स खांद्याला लावता लावता म्हणाल्या. "पण आधी मुलीला नीट बघा. मग लिहा."

"आणि सत्र संपेपर्यंत फरक पडला पाहिजे," मोठ्या बाई म्हणाल्या. "नाहीतर मग आपल्याला छोट्या खोलीचा विचार करावा लागेल."

छोटी खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. तिथे निरनिराळ्या वयाची चार-दोन मुलं वेगळी शिकत. खोली वाईट नव्हती. पडदे होते, खिडकीत कुंड्या होत्या, एक मऊ गालिचाही होता. पण तिथे टिकलीची दातपडकी मैत्रीण नव्हती, आणि टिकलीला मैत्रीण म्हणून जगात तेवढी एकच होती. संध्याकाळी हे कानावर पडल्यावर, उत्तरे त्रोटक देणारी ती मुलगी एका दमात म्हणाली, "मला माझ्या वर्गात राहायचंय. मला तिकडे नको. मी नसले तर तिचा डबा दुसऱ्या मुली संपवतात." आणि मग ती जेवायला बसली, पण जेवली नाही. आपल्या मुलीला त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, असं भाऊसाहेबांनी ठरवलं, आणि उपाय म्हणून त्यांना जे एकमेव काम चांगलं येत होतं ते हाती घेतलं. त्यांनी मसुदा केला.

मसुद्याचं पहिलं कलम होतं, टिकलीला पहिल्या बाकावर बसवावं. शाळेतले बाक केव्हाच गेले होते, त्यांच्या जागी लोखंडी पायांची टेबलं आणि खुर्च्या आल्या होत्या, पण रांगेला सगळे अजून बाकच म्हणत. टिकली तोवर मधे कुठेतरी बसत असे. पहिल्या बाकावर बसलेल्या मुलाचं वाईट झाल्याचं भाऊसाहेबांच्या माहितीत एकही उदाहरण नव्हतं. ते स्वतः शाळेत दुसऱ्या बाकावर बसत, आणि आयुष्यात थोडक्यात राहून गेलेल्या बऱ्याच गोष्टींचं खापर ते त्या एका रांगेवर फोडत.

रीतीप्रमाणे मसुदा फिरवायला हवा होता. कचेरीत हे प्रकरण न्यावं असं त्यांना वाटेना, म्हणून तो इमारतीत फिरला.

समोरच्या दारातले वकील मसुदा वाचून काळजीत पडले. "भाऊसाहेब, ह्याच्यात पळवाटा फार आहेत हो," ते म्हणाले आणि कागद ठेवून घेतला. परत आला तेव्हा त्यात टिकली उरलीच नव्हती. 'सदर विद्यार्थिनी, जिचा उल्लेख यापुढे लाभार्थी असा करण्यात येईल,' अशी सुरुवात होती आणि पुढे 'लाभार्थीने टेबलाखाली प्रवेश केल्यास, अथवा प्रवेश करण्याचा प्रयत्न केल्यास, अथवा तसा इरादा दर्शविल्यास' अशी तीन पोटकलमं होती. इरादा कसा ओळखायचा असं भाऊसाहेबांनी विचारलं. "तो न्यायालय ठरवतं," वकील म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या काकू परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना बांधायला जखमा मिळत नव्हत्या. त्यांनी बसायला उशी सुचवली, कानांना आवाज अडवणारी झापडं सुचवली आणि मुलगी बावरली की मागून खांद्यावर प्रेमाने हात ठेवावा, असं लिहिलं. "मागूनच का?" भाऊसाहेबांनी विचारलं. "पुढून ठेवला की पेशंट प्रश्न विचारतो," काकू म्हणाल्या.

पहिल्या कलमाबद्दल मात्र कोणाचं दुमत नव्हतं. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांनी पहिल्या बाकाला मान डोलावली. ज्यांचा एकमेकांशी पाण्याच्या टाकीवरून अबोला होता त्यांनीही. इमारतीत इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

वेगळा शेरा फक्त घरातून आला. टिकलीची आई औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर लोकांना कुठली गोळी कशानंतर घ्यायची हे समजावून ती घरी येई. मसुदा वाचून ती म्हणाली, "अहो, सगळं एकदम नका सुरू करू. एका वेळी एकच बदला. नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही."

भाऊसाहेबांनी समासात 'नोंद घेतली' असं लिहिलं. वेळापत्रक विभागात ज्या सूचनेवर 'नोंद घेतली' लिहीत ती सूचना पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नसे. टिकलीच्या आईला हे लग्नापासून ठाऊक होतं. तिने कागद परत दिला आणि भाजी निवडायला घेतली.

पहिलं कलम लगेच अमलात आलं. टिकली पहिल्या बाकावर बसली त्या दिवशी भाऊसाहेब जिन्यात भेटेल त्याला थांबवून तब्येत विचारत होते, म्हणजे बोलता बोलता ते सांगता यावं. आठवड्याने वर्गशिक्षिकांचा निरोप आला की पूर्वी ती कधीमधी टेबलाखाली जायची, आता प्रत्येक घंटेला जाते.

यावरून एकच निष्कर्ष निघत होता आणि तो भाऊसाहेबांनी काढला, की आराखडा अपुरा पडतो आहे. म्हणून कानांची झापडं आली. झापडं आल्यापासून टिकली घंटेच्या आधीच खाली जाऊ लागली. मग तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे आडोसे लावले. त्यानंतर ती सकाळी वर्गात आल्या आल्याच खाली बसू लागली आणि तिथूनच हजेरी देऊ लागली. मग उशी आली. प्रत्येक वेळी आराखड्याला एक पुरवणी जोडली जाई. पानभराचा मसुदा आता इतका जाड झाला होता की त्याला तारेचं बायंडिंग करून घ्यावं लागलं, आणि बायंडिंगवाल्याने आदराने विचारलं, "प्रबंध का?"

मधेच शाळेच्या कार्यालयातल्या लेखनिकाने सांगितलं की आराखड्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. भाऊसाहेब टिकलीला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांच्या खोलीत जाड गालिचा होता आणि पेशंटची खुर्ची भिंतीला टेकलेली होती. टिकली त्या खुर्चीवर ऐसपैस बसली. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं तिने उत्तर दिलं, वर कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीतल्या माशांपैकी एक आजारी असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं.

"ही टेबलाखाली जाते म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज जाते."

"मला तर गेलेली दिसली नाही. न बघता लिहू कसं?"

पेच पडला. भाऊसाहेबांनी आवाज शक्य तितका मायाळू करून म्हटलं, "टिकली, जा बघू बेटा जरा टेबलाखाली."

"इथे कशाला?" टिकली म्हणाली.

डॉक्टर सज्जन होते. 'तपासणीच्या वेळी मुलगी खुर्चीवर आढळली,' असं त्यांनी लिहून दिलं. लेखनिकाने तो दाखला दोनदा वाचला आणि म्हणाला, "ह्याच्यात तर काहीच नाही." मग खालचा शिक्का त्याच्या नजरेस पडला. शिक्का गोल होता. दाखल्यावर शिक्का गोलच हवा, चौकोनी चालत नाही, असा नियम होता. दाखला लगेच मंजूर झाला. टिकली तिथे खाली का गेली नाही, हा प्रश्न भाऊसाहेबांना परत येताना वाटेत एकदा चाटून गेला. पण समोरून त्यांच्या विभागाची एक बस वेळेआधी येताना दिसली आणि त्यांचं डोकं तिकडे गेलं.

सत्र संपत आलं. शेवटच्या आठवड्यात बैठक होणार होती, आणि तिच्यात टिकली वर्गात राहणार की छोट्या खोलीत जाणार हे ठरणार होतं. आराखड्यात सगळं होतं, तरी तो चालत का नव्हता? भाऊसाहेबांनी रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, विचार केला आणि त्यांना उमगलं की आपण चाचणी फेरीच घेतलेली नाही.

सुट्टीच्या दिवशी चौथीचा वर्ग मिळावा म्हणून ते लेखनिकाकडे गेले. सुट्टीत वर्ग फक्त परीक्षा, मतदान किंवा नाटकाची तालीम एवढ्याचसाठी देता येतो, असं त्याने सांगितलं. भाऊसाहेबांनी परीक्षा आणि मतदान मनातून बाद केलं.

"नाटकाचं नाव?" लेखनिकाने विचारलं.

"वैयक्तिक सहाय्य आराखडा."

"सामाजिक दिसतंय," म्हणत त्याने परवानगी दिली.

चाचणीला प्रवासी घ्यायचे नाहीत या दंडकानुसार टिकलीच्या खुर्चीवर भाऊसाहेब स्वतः बसणार होते. इमारतीतली रिकामी मंडळी वर्ग म्हणून आली. सगळ्यांनी मागच्या खुर्च्या धरल्या, कारण पुढे बसलं की प्रश्न विचारतात हे इतक्या वर्षांनीही कोणी विसरलेलं नव्हतं. वकील शिक्षक झाले. काकूंनी घंटा घेतली आणि मागच्या एका खुर्चीवर बसल्या. टिकलीच्या आईला दुकान असल्यामुळे टिकलीला बरोबर आणावं लागलं होतं. तिला पुस्तक देऊन व्हरांड्यात बसवण्यात आलं, आणि चाचणी चालू असताना आत यायचं नाही, असं बजावण्यात आलं.

भाऊसाहेब पहिल्या बाकावर उशी घेऊन बसले, म्हणजे खुर्चीवर निम्मे मावले. कानांवर झापडं चढवली. दोन्ही बाजूंना आडोसे लागले. आता त्यांना समोर फळा दिसत होता आणि आपला श्वास ऐकू येत होता, बाकी जग बंद झालं होतं. सुरुवातीला बरं वाटलं. मग हळूहळू पाठ शिरशिरू लागली. मागे इतकी माणसं बसली आहेत, ती काय करत आहेत हे कळायला काही मार्ग नाही, आणि केव्हा काय होणार याचाही पत्ता नाही. त्यांनी वळून पाहायचा प्रयत्न केला, पण वकिलांनी बोट वर करून त्यांना पुढे बघायला लावलं. लाभार्थीने वळू नये असं कलम होतं.

काकूंनी घंटा वाजवली. ती झापडांमुळे भाऊसाहेबांपर्यंत पोचलीच नाही. पण मंडळी एकदम उठली, लोखंडी खुर्च्या फरशीवरून खरवडत मागे गेल्या आणि तो आवाज झापडांना न जुमानता फरशीतून, खुर्चीतून, भाऊसाहेबांच्या मणक्यातून थेट दातांत गेला. ते दचकले. लाभार्थी बावरल्याचं पाहून वकील कर्तव्यतत्परतेने मागे गेले आणि त्यांनी काकूंच्या सूचनेनुसार मागून खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

भाऊसाहेबांनी फोडलेली किंकाळी पुढे इमारतीत बरेच दिवस चर्चेत होती. उशी एकीकडे सटकली, भाऊसाहेब दुसरीकडे आणि क्षणात वेळापत्रक विभागाचे प्रमुख चौथीच्या टेबलाखाली होते. बाहेर यावं म्हटलं तर टेबलाच्या आडव्या दांड्यात त्यांचा गुडघा अडकला होता. झापडं पडली होती. वर सगळे एकदम बोलत होते. वकील म्हणत होते की हे अपेक्षितच होतं, त्यासाठी पोटकलम आहे. काकू म्हणत होत्या की कोणीही त्यांना हलवू नका, मी आहे. आणि हे सांगून त्या नीट बघता यावं म्हणून पुन्हा खुर्चीवर बसल्या.

तेवढ्यात शेजारी काहीतरी सरकलं. टिकली व्हरांड्यातून आली होती आणि सवयीने टेबलाखाली शिरून त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली होती.

"बाबा, गुडघा आधी डावीकडे घ्यायचा," ती म्हणाली. "पण थोडं थांबा. सगळे बसू देत."

"तुला आत यायला मनाई केली होती ना?"

"तुम्ही ओरडलात."

वर मंडळी एकेक करून पुन्हा खुर्च्यांवर टेकली. भाऊसाहेब गुडघा चोळत बसले. टिकली टेबलाच्या कडेखालून मागे बघत होती. ती काय बघते आहे म्हणून त्यांनीही बघितलं. सगळ्या वर्गाचे पाय दिसत होते. वकिलांचे पॉलिश केलेले बूट, काकूंच्या पट्ट्यांच्या चपला, तळमजल्यावरच्यांचे एका बोटाशी फाटलेले मोजे.

"आता काकू उठणार," टिकली हळूच म्हणाली.

"कशावरून?"

"टाच वर झाली बघा."

काकू उठल्या. खुर्ची करकरली. टिकलीने त्याच्या आधीच कानांवर हात नेले होते आणि आवाज थांबल्यावर ते शांतपणे खाली घेतले. भाऊसाहेबही या वेळी दचकले नाहीत. त्यांना त्याचंच नवल वाटलं.

"आता ते मोजेवाले. बघा, पाय मागे घेतला. उठायच्या आधी सगळे पाय मागे घेतात." मोजेवाले उठले. "घंटेचं मला काही नाही. घंटा एकदाच होते. पण मग सगळे मागून उठतात आणि कोण कधी उठणार ते कळत नाही. इथून दिसतं. दिसलं की कान तयार होतात."

"म्हणजे तू इथे हे बघत बसतेस?"

"सांगितलं होतं की मी. बघते म्हणून."

एवढी पानं, पुरवण्या, गोल शिक्का, आणि यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. भाऊसाहेबांना फार लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा कुतूहल मोठं होतं. त्यांनी विचारलं, "आणि पूर्वी, मधे बसायचीस तेव्हा?"

"तेव्हा निम्मे पुढे असायचे. ते दिसायचे. आता सगळेच मागे."

"मग तू कुठे बसलीस तर तुला सगळे दिसतील?"

टिकलीने विचारही केला नाही. "शेवटी. भिंतीला लागून. मला केव्हाचं तिथे बसायचंय."

शेवटचा बाक. भाऊसाहेबांचा गुडघा दुखत होताच, आता छातीतही कळ आल्यासारखं झालं. आपली पोर, अख्खा पाढा टेबलाखालून म्हणणारी, आणि शेवटच्या बाकावर. जिन्यात लोकांना काय सांगायचं हेही त्यांच्या मनात येऊन गेलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"बाबा, नवीन बूट," टिकली म्हणाली.

दारातून पायताणांचे दोन जोड आत येत होते. मोठ्या बाई आणि फिरत्या बाई कार्यालयीन कामासाठी शाळेत आल्या होत्या आणि किंकाळी ऐकून वर आल्या होत्या. दोन्ही जोड पहिल्या टेबलापाशी येऊन थांबले. मग मोठ्या बाईंचा चेहरा उलटा होऊन खाली आला.

"नाटकाची तालीम चालू आहे, असं कार्यालयात सांगितलं मला," त्या म्हणाल्या.

"झाली," भाऊसाहेब टेबलाखालून शक्य तेवढ्या रुबाबात म्हणाले. "गुडघा निघाला की भेटतो."

बैठकीला भाऊसाहेब बाड न घेता गेले. हातात एकच कागद होता, आणि तो फिरवलेला नव्हता. वकील आग्रहाने बरोबर आले होते. "लाभार्थीच्या हितासाठी," ते म्हणाले. टिकलीची आई दुकान सोडून आली होती. टिकलीही आली, कारण या वेळी भाऊसाहेबांनी तसं सांगितलं होतं. आत आल्यावर तिने खोली एकदा पाहून घेतली आणि कोपऱ्यातल्या, भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. त्या खुर्चीवर मोठ्या बाई बसत असाव्यात. त्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरी खुर्ची घेतली.

भाऊसाहेब उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझ्या मुलीला शेवटचा बाक मिळावा, ही विनंती."

"भाऊसाहेब," वकील कुजबुजले, "बोलताना चुकलात. पहिला."

"शेवटचा."

"मी इतकी वर्षं शाळा चालवते आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पहिल्या बाकासाठी पालक माझ्या घरी आले आहेत. आमदारांच्या चिठ्ठ्या आणल्या आहेत. शेवटचा बाक आजवर कोणी मागितला नाही."

"मलाही मागवत नाहीये," भाऊसाहेब म्हणाले. "पण तिला तिथून दिसतं."

"काय दिसतं?"

भाऊसाहेब सांगणार होते. पाय, टाच, खुर्च्या, सगळं त्यांनी मनात नीट मांडून आणलं होतं. पण त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं आणि ते खाली बसले. "तिलाच विचारा," ते म्हणाले.

टिकलीने सांगितलं. थांबत थांबत, समोरच्यांच्या पायांकडे बघत सांगितलं. झापडं नकोत, त्यांनी येणारा आवाज कळत नाही आणि आलेला मात्र लागतो. आडोसे नकोत. मागून हात तर मुळीच नको. मागे भिंत हवी. आणि घंटेनंतर बाईंनी एकेका रांगेला उठायला सांगितलं तर बरं, म्हणजे कुठली खुर्ची करकरणार ते आधी कळेल. "आणि उशी काकूंना परत द्या," ती शेवटी म्हणाली. "ती घसरते."

फिरत्या बाई पहिल्यांदाच पर्स खाली ठेवून बसल्या होत्या. "एवढं सगळं एकदम करून बघायचं?" त्यांनी विचारलं.

"एका वेळी एक," भाऊसाहेब म्हणाले. "आधी जागा बदलू. मग रांगा." त्यांनी बायकोकडे मुळीच बघितलं नाही. तिने मात्र त्यांच्याकडे बघितलं.

मोठ्या बाईंनी बराच वेळ विचार केला. सत्र जवळजवळ संपलं होतं, आराखडा मुळात चाललाच नव्हता, आणि आता भाऊसाहेब तो उलटा करून मागत होते. "उरलेले दिवस बघू," त्या म्हणाल्या. "जमलं तर ती तिच्या वर्गात राहील. ती रोजच्यासारखी खाली बसली, तर मात्र पुढच्या सत्रात छोटी खोली. मग माझ्याकडे येऊ नका."

शेवटच्या बाकाच्या पहिल्या दिवशी भाऊसाहेबांनी कचेरीत उशिरा येतो असं कळवलं. वर्गाबाहेर सूचनाफलक होता. त्याच्या आड ते उभे राहिले आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांची यादी वाचत असल्याचं सोंग घेऊन दाराच्या काचेतून आत बघू लागले. टिकली भिंतीला टेकून बसली होती, शेजारी दातपडकी. त्या दोघींच्या मागे कोणी नव्हतं. पुढे अख्खा वर्ग होता, पाठमोरा.

घंटा झाली. वर्गातली मुलं ती, सगळी एकदमच उठली. खुर्च्या खरवडल्या आणि तो आवाज बाहेर भाऊसाहेबांच्याही दातांत गेला. टिकलीने कानांवर हात ठेवले. ती खाली वाकली. भाऊसाहेबांनी फलकाची कड घट्ट धरली. छोट्या खोलीचे पडदे, कुंड्या, गालिचा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

टिकली वाकलेलीच राहिली. ती खुर्च्यांखालून बघत होती, एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे, आणि खुर्चीवरून मात्र उठली नव्हती. शेवटची खुर्ची करकरून थांबली. मग ती सरळ झाली, कानांवरचे हात काढले, दप्तरातून पुढच्या तासाचं पुस्तक काढलं आणि दातपडकीला काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या.

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. नीट दिसावं म्हणून ते नकळत काचेच्या आणखी जवळ सरकले. टिकलीची नजर वर आली आणि सरळ त्यांच्यावर येऊन थांबली. त्या जागेवरून फलकामागे लपलेला बापही दिसत होता, आणि कदाचित तो आल्यापासून दिसत होता. तिने पुस्तकावरचा एक हात उचलला आणि बोटांनी त्यांना खूण केली. जा.

भाऊसाहेबांना वर्गाबाहेरूनही बाहेर काढण्यात आलं होतं. ते डोळे पुसत व्हरांड्यातून निघाले आणि इतका आनंद आपल्याला उभ्या जन्मात झाला नव्हता, हे त्यांनी वाटेत भेटलेल्या लेखनिकाला थांबवून सांगितलं.